समुद्रावरची जागल

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की सोयाबीन-तुरीची शेती करायच्या आधी २४ वर्षं तटरक्षक दलात होतो, म्हणजे आपण सगळे ज्याला कोस्ट गार्ड म्हणतो त्यात. उत्तम अधिकारी या हुद्द्यावरून रिटायर झालो. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं अन मेसेज आले की संपादकांनी या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकलं. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या लोकांना या दलाबद्दल इतकं विचारावंसं वाटतं हे पाहून खरंच बरं वाटलं. जमेल तेवढी उत्तरं देतो. काही लांबतील, कारण विषय माझ्या जिवाचा आहे.

प्रश्न : काका, आमच्या पारावर वाद झाला. एक जण म्हणे कोस्ट गार्ड म्हणजे समुद्रावरचे वॉचमन, लढाई लागली का नेव्ही पुढं जाते अन हे बंदरात बसून राह्यते. मी म्हटलं तेही फौजच आहे, पण पुढचं मले सांगता नाही आलं. युद्ध लागलं तं कोस्ट गार्ड नेमकं करते काय? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बाबू, तू बरोबर बोललास. १९७८ चा कोस्ट गार्डचा कायदा आहे, त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे संघराज्याचं सशस्त्र दल आहे. आर्मी, नेव्ही, एअर फोर्ससारखंच संरक्षण मंत्रालयाखाली येतं. जहाजांवर तोफा असतात, मशीनगन असतात, आम्ही दर काही दिवसांनी फायरिंगची प्रॅक्टिस करायचो. पारावर एवढं सांगितलं तरी अर्धा वाद मिटेल.

आता युद्धाचं. युद्ध लागलं की कोस्ट गार्ड नेव्हीच्या हुकमाखाली काम करते. नेव्हीची मोठी जहाजं, पाणबुड्या लांब खोल समुद्रात जातात, शत्रूच्या दाराशी जातात, त्यांच्याकडे मिसाईल असतात टॉर्पेडो असतात, आमच्याकडे ते नसतं आणि आमचं ते कामही नाही. पण नेव्ही पुढं गेल्यावर घराकडे कोण बघणार? मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर भर समुद्रात मुंबई हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत, लोखंडी पायांवर उभे असलेले, वर शेकडो माणसं काम करतात, त्यांना जागचं हलवता येत नाही आणि एक बारीकशी बोट स्फोटकं घेऊन त्यांच्याखाली गेली तर काय होईल याचा विचार कर. मग बंदरांची तोंडं आहेत, तेल आणि खत घेऊन येणारी मालवाहू जहाजं आहेत, युद्ध सुरू आहे म्हणून ती थांबवता येत नाहीत, उलट तेव्हा जास्त लागतात. आणि हजारो मासेमारी बोटी असतात, त्यांना वेळेत मागं बोलवायचं, कुणी चुकून पुढं गेला तर हाकलत आणायचं. आपलं विमान पाण्यात पडलं, जहाज बुडालं, तर माणसं पाण्यातून काढायची. हे सगळं कोस्ट गार्डकडे येतं. कारगिलच्या वेळी मी नोकरीत नवीन होतो, सुट्ट्या बंद झाल्या, गस्ती वाढल्या, आणि रात्री डेकवर उभं राहून प्रत्येक दिवा मोजायचा की हा कुणाचा.

आता वॉचमनचं. हा शब्द मला लागतो, खोटं कशाला बोलू. पण राखण हे काम हलकं आहे असं ज्याला वाटतं त्यानं एक रात्र जागलीला जावं. तुझ्या घरी शेती असेल तर तुला सांगायला नको, हरभऱ्यात रानडुकरं, रोही शिरतात म्हणून आपण माळ्यावर झोपतो. झोपतो कसलं, कान उघडे ठेवून पडतो. पहिल्या वर्षी जागलीला गेलेला पोरगा प्रत्येक सळसळीला बॅटरी मारतो. दहा वर्षं जागल केलेला माणूस पडल्या पडल्या सांगतो की हा वारा आहे, हे शेजारच्याचं कुत्रं आहे, आणि हे डुक्कर आहे, उठा. हे कान एका रात्रीत तयार होत नाहीत. कोस्ट गार्डचं युद्धातलं काम याच कानावर चालतं, आणि ते कान शांततेच्या वर्षांत तयार होतात.

एक सांगतो म्हणजे कळेल. रत्नागिरीच्या बाहेर आम्ही गस्तीवर होतो, पहाटेचे साडेचार असतील. एका ट्रॉलरची तपासणी करायची म्हणून जेमिनी, म्हणजे रबराची छोटी बोट, खाली सोडली आणि आम्ही पाच जण निघालो. चालत्या समुद्रात ट्रॉलरवर चढणं म्हणजे लाटेनं आपली बोट वर उचलली की त्या क्षणाला पाय टाकायचा, क्षणभर उशीर झाला की दोन बोटींच्या मधे पाय सापडतो. वर सात खलाशी आणि एक म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीचा कारभारी. बोटीचे कागद पाहिले, माणसांची कार्डं पाहिली, लाईफ जॅकेट मोजली. मग मासे ठेवायच्या खणात उतरलो. तिथं बर्फ भरलेला असतो, वरून फक्त बर्फच दिसतो, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालून चाचपावं लागतं, हात बधिर होतो, बांगड्याचे कल्ले बोटांना कापतात. आत मासेच होते. वर आलो तर तांडेलनं चहा दिला, काळा, आल्याचा. आम्ही निघताना त्यानं हळूच सांगितलं की दोन दिवसांपासून एक बोट इथं फिरतेय, जाळं टाकत नाही, रात्री दिवा लावत नाही आणि आमच्या गावची नाही. आम्ही वायरलेसवर कळवलं, दुसऱ्या दिवशी ती बोट सापडली, पोटात चोरीच्या डिझेलचे बॅरल.

त्या दिवशी डिझेल होतं. पण २६/११ ला काय होतं हे सगळ्या देशानं पाहिलं. ते दहा जण आले ते आपल्याच पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट पळवून, म्हणजे लांबून बघणाऱ्याला ती आपलीच बोट दिसणार. तेव्हापासून किनाऱ्याजवळच्या सुरक्षेची जबाबदारी स्पष्टपणे कोस्ट गार्डवर आली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, राज्याराज्यांच्या बोटींना वेगवेगळे रंग ठरले. पण मी २४ वर्षांच्या अनुभवानं सांगतो, रडारवर फक्त ठिपका दिसतो, तो ठिपका कोणाचा आहे हे त्या तांडेलला माहीत असतं. आणि तांडेल आपल्याला तेव्हाच सांगतो जेव्हा त्याचं इंजिन बंद पडलेलं असताना आपण मध्यरात्री जाऊन त्याला ओढून आणलेलं असतं. शांततेतलं काम आणि युद्धातलं काम असे दोन वेगळे डबे नाहीत रे बाबू.

प्रश्न : सर, मी पोलीस भरतीची तयारी करतो. नेव्ही असताना वेगळं दल काढायची गरज काय पडली? खर्च डबल नाही का होत? (एक विद्यार्थी, ता. मौदा, जि. नागपूर)

उत्तर : तुझ्या गावाजवळूनच या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं बेटा. तुमच्या शेजारचं कामठी आहे ना, तिथं १९१६ मधे खुसरो फरामुर्झ रुस्तमजी जन्मले. पोलीस सेवेतले मोठे अधिकारी, १९६५ मधे बीएसएफ उभं राहिलं त्याचे पहिले प्रमुख. १९७४ मधे सरकारनं त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली की समुद्रातल्या स्मगलिंगचं आणि एकंदर समुद्रातल्या कायद्याचं काय करायचं ते सांगा. त्या काळात सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर, कापड सगळं रात्री होड्यांनी किनाऱ्याला उतरायचं, कस्टमच्या बोटी हळू, आणि नेव्हीची जहाजं त्यामागं पळवायची म्हणजे डास मारायला रणगाडा. १९७५ मधे समितीनं सांगितलं की यासाठी वेगळं दल काढा. जमिनीची सीमा राखणारं दल उभं करणारा माणूस आणि समुद्राची राखण सुचवणारा माणूस एकच, आणि तो आपल्या विदर्भात जन्मलेला, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. परीक्षेतही उपयोगी पडेल.

दुसरं कारण नकाशाचं आहे. १९७६ मधे आपण समुद्राच्या हद्दींचा कायदा केला. १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत आपलं पाणी, आणि २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत तिथल्या मासळीवर, तेलावर, गॅसवर आपला हक्क. नागपूरहून भुसावळपर्यंत जा, साधारण तेवढं अंतर समुद्रात आत. ते सगळं क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे साडेसहा महाराष्ट्र. एवढं शिवार कागदावर नावावर झालं पण राखायला माणूस नाही अशी गत होती. मग १ फेब्रुवारी १९७७ ला नेव्हीकडून मिळालेल्या ‘कुठार’ आणि ‘कृपाण’ या दोन जुन्या फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, आणि पाच गस्ती बोटी एवढ्यावर काम सुरू झालं, पुढच्या वर्षी ऑगस्टमधे कायदा लागू झाला आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते दलाची रीतसर स्थापना झाली. पहिले महासंचालक नेव्हीचेच होते, व्हाइस ॲडमिरल कामत. सात बोटींवरून आज १५० च्या आसपास जहाजं-बोटी आणि ७० च्या वर विमानं-हेलिकॉप्टर झालीत.

खर्च डबल होतो का, तर नाही, उलट वाचतो. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की शेजारच्या देशाची मासेमारी बोट आपल्या हद्दीत शिरली आणि तिला अडवायला करड्या रंगाची युद्धनौका गेली तर पलीकडचा देश म्हणेल की यांनी नौदल पाठवलं, लगेच तिकडूनही युद्धनौका निघते आणि साध्या चोरीचं भांडण सीमेवरचं होऊन बसतं. आमचं जहाज पांढरं, बाजूला तिरपा पट्टा, लांबूनच कळतं की हे कायदा बघायला आलेत. एखाद्या भांडणात तलाठी-पोलीस पाटील येणं आणि थेट रणगाडा येणं यात फरक आहे ना, तसं.

प्रश्न : आपल्याकडे कपाशी, सोयाबीन, उन्हाळ्यात टँकर. समुद्र आमच्या बापजाद्यानं पाह्यला नाही. त्या कोस्ट गार्डचा शेतकऱ्याले काय उपयोग? रागावू नका, मनातलं विचारलं. (एक शेतकरी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : रागावणार नाही भाऊ, मीही शेतकरी आहे आणि हा प्रश्न माझ्या मोठ्या भावानं मला २४ वर्षं विचारला.

पेरणीच्या वेळी पोटॅशची बॅग घेता ना, ते पोटॅश भारतात निघत नाही, सगळं बाहेरून जहाजानं येतं. डीएपीचा मोठा वाटा तसाच येतो. ट्रॅक्टरच्या डिझेलचं कच्चं तेल जहाजानं येतं. घरात पाम तेलाचा पुडा असतो तो मलेशिया-इंडोनेशियाहून. आणि उलट दिशेनं आपल्या कापसाच्या गाठी, सोयाबीनची ढेप समुद्रानंच बाहेर जाते, ती गेली नाही तर भाव काय होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. यातलं एखादं जहाज वाटेत पेटलं तर काय होतं तेही सांगतो. सप्टेंबर २०२० मधे कुवेतहून ओडिशातल्या पारादीपला येणारा ‘न्यू डायमंड’ नावाचा टँकर श्रीलंकेजवळ पेटला, आत जवळपास २ लाख ७० हजार टन कच्चं तेल. एवढं तेल समुद्रात सांडलं असतं तर पिढ्यानपिढ्या तो किनारा सावरला नसता. कोस्ट गार्डची जहाजं श्रीलंकेच्या नेव्हीसोबत कित्येक दिवस फेस आणि पाणी मारत उभी राहिली, आग विझली असं वाटलं की पुन्हा पेटायची, पण तेलाच्या टाक्या वाचवल्या.

मागच्याच वर्षीचं घ्या, मे २०२५ मधे ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनरचं जहाज कोचीजवळ बुडालं, ६४० कंटेनर वर होते. जहाजावरचे २४ चे २४ जण वाचले, २१ कोस्ट गार्डनं आणि तीन नेव्हीनं काढले. बातमी आली तेव्हा मी शेतात होतो. २४ पैकी २४ हा आकडा वाचून बांधावर खाली बसलो, कारण हा आकडा नेहमी येत नाही.

आणि समुद्र आपला नाही असं म्हणू नका भाऊ. तुमच्या मूर्तिजापूरकडची पूर्णा तापीला मिळते, तापी सुरतेकडं अरबी समुद्रात जाते. इकडं आमची वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, पुढं गोदावरी होऊन बंगालच्या उपसागरात. विदर्भातलं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. एकाच शिवारातलं अर्धं पाणी अरबी समुद्राला आणि अर्धं बंगालच्या उपसागराला अशी गावंही आपल्याकडे सापडतील.

प्रश्न : वैनगंगेले पूर आला तं कोस्ट गार्ड येऊ शकते का? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : त्यांचं मुख्य काम समुद्रातलं. नदीच्या पुराला आधी तहसील आणि जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन, मग राज्याचं आपत्ती दल एसडीआरएफ, केंद्राचं एनडीआरएफ. पण संकट फार मोठं असेल आणि सरकारनं बोलावलं तर कोस्ट गार्डची पथकं जमिनीवरही जातात, २०१८ च्या केरळच्या पुरात गेली होती, घरांच्या छपरांवरून माणसं उतरवली. तुमच्याकडे पूर आला तर वाट न बघता आधी तहसीलला फोन करा, आणि गावातल्या ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या बांधवांचे डोंगे कुठं बांधलेत हे पावसाळ्याआधी गावानं पाहून ठेवावं. पहिल्या दोन तासांत तेच धावून येतात, हे मी वर्दीत असतानाही पाहिलंय आणि आताही पाहतोय.

प्रश्न : अमेरिकेची कोस्ट गार्ड दुसऱ्या महायुद्धात आणि व्हिएतनाममधे लढली असं वाचनात आलं. मग आपलीच तेवढी किनाऱ्यावर का? जगात नियम काय आहे? (एक शिक्षक, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : गुरुजी, जगात एक नियम नाही, प्रत्येक देशानं आपापल्या गरजेनं ठरवलंय. ब्रिटनचं कोस्टगार्ड १८२२ पासून आहे पण ते मुलकी आहे, बंदूक नाही, माणसं वाचवणं हेच काम. जपाननं १९४८ मधे आपलं दल काढलं तेव्हा कायद्यातच लिहून ठेवलं की याला लष्करासारखं बनवायचं नाही, महायुद्धात पोळलेला देश होता तो. चीननं उलट केलं, २०१८ मधे आपलं कोस्ट गार्ड सशस्त्र पोलीस दलाखाली, म्हणजे शेवटी लष्करी आयोगाखाली नेलं.

अमेरिकेची मुळं १७९० मधली, जकात चुकवणारी जहाजं पकडायला काढलेल्या बोटी. पुढं १९१५ मधे त्यांचं आणि जीवरक्षक सेवेचं एकत्र दल झालं, त्यालाच कोस्ट गार्ड नाव मिळालं. शांततेत ते गृहसुरक्षा खात्याखाली असतात आणि युद्ध जाहीर झालं किंवा राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की नेव्हीत जातात. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ ला गेले, दुसऱ्यात नोव्हेंबर १९४१ ला, आणि १ जानेवारी १९४६ ला परत आले.

पण गुरुजी, नेव्हीत जाऊन त्यांनी केलं काय ते बघा. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिका-ब्रिटनच्या फौजा उतरल्या तेव्हा कोस्ट गार्डच्या ६० छोट्या लाकडी बोटी तिथं होत्या, काम एकच, बुडणाऱ्या सैनिकांना पाण्यातून ओढून वर घ्यायचं. पहिल्याच दिवशी ४०० च्या वर जीव वाचवले. त्याआधी २७ सप्टेंबर १९४२ ला पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटावर शेकडो मरीन सैनिक घेरले गेले होते, डग्लस मन्रो हा कोस्ट गार्डचा सिग्नलमन छोट्या बोटी घेऊन त्यांना काढायला गेला, आपली बोट गोळीबाराच्या आणि त्या सैनिकांच्या मधे आडवी उभी केली, गोळी लागली. जाताना त्यानं विचारलं की सगळे सुटले का. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तो कोस्ट गार्डचा एकमेव माणूस. शांततेत जे शिकला तेच त्यानं युद्धात केलं, बोट घेऊन जायचं आणि माणसं आणायची. मी हे ट्रेनिंगच्या काळात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

आपली कोस्ट गार्ड परदेशात जाऊन लढत नाही कारण आपल्या कायद्यानं तिला आपल्या सागरी हद्दींचं काम दिलंय, तेवढंच अफाट आहे. पण लढायची वेळ आली तर मागं राहिली असंही नाही. ऑक्टोबर १९९९ मधे चाच्यांनी ‘अलोंड्रा रेनबो’ नावाचं जहाज पळवलं होतं, आत ७ हजार टन ॲल्युमिनियम, मूळच्या खलाशांना समुद्रात सोडून दिलेलं, जहाजाला नवा रंग आणि नवं नाव. कोस्ट गार्डच्या ज्या जहाजानं त्याला गाठलं त्याचं नाव होतं ‘ताराबाई’, आपल्या महाराणी ताराबाईंचं. इशाऱ्याच्या गोळ्या मारल्या, पाठलाग केला, पुढं नेव्हीचं ‘प्रहार’ आलं. चाच्यांनी जहाज पेटवून बुडवायचा प्रयत्न केला, तरी पकडून मुंबईला आणलं, पंधरा जण धरले. वर्गात सांगा हे.

प्रश्न : कोस्ट गार्डमधे पण अग्निवीर आहे का? एक जण दीड लाख मागतो, काम होते का? (एक वाचक, ता. चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर : अग्निपथ योजना आर्मी, नेव्ही, एअर फोर्सला आहे, कोस्ट गार्डला नाही, इथं भरती नियमित होते. नाविक जनरल ड्युटीसाठी बारावी, त्यात गणित आणि भौतिकशास्त्र पाहिजे, वय १८ ते २२, राखीव प्रवर्गाला सूट असते. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग धावणं-उठाबशा-पुशअप, मग मेडिकल. फॉर्म फक्त दलाच्या सरकारी वेबसाईटवर. त्या माणसाला एक रुपया देऊ नको. आमच्या गावातल्या एका पोरानं बापाचा बैलजोडीचा पैसा अशाच एकाला दिला, तो माणूस फोन बंद करून गेला, आणि गंमत नाही, दुःख हे की पोरगा मेरिटनं लागण्यासारखा होता. बारावीचं भौतिकशास्त्र आणि रोज पहाटे पळणं, एवढंच लागतं.

प्रश्न : भाऊ, आम्ही ढीवर समाजाचे. माझा मुलगा नाविक म्हणून लागला, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगले जाते. तलावात लहानपणापासून पोहते पण समुद्र त्यानंही पाह्यला नाही. लढाई लागली तं त्याले पुढं पाठवतील का? रात्री झोप लागत नाही. (एक आई, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, नाहीतर तिनं हेच लिहिलं असतं.

खोटा धीर देत नाही. लढाई लागली तर त्याचं जहाज नेव्हीच्या हुकमाखाली जाईल आणि तो जहाजावर असेल. वर लिहिलंय तसं त्याचं काम बहुतेक आपल्या किनाऱ्याजवळचं, बंदरं, तेलाचे प्लॅटफॉर्म, आपली माणसं वाचवणं, पण धोका नाही असं मी म्हणणार नाही. आणि दुसरी गोष्ट, धोका लढाईतच असतो असंही नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ एका टँकरवरचा जखमी माणूस आणायला आपलं हेलिकॉप्टर गेलं आणि समुद्रात पडलं, चार जणांपैकी एकच वाचला. लढाई नव्हती, कुणी शत्रू नव्हता. भर वादळात बाकी सगळ्या बोटी आत येतात तेव्हा आपल्याला बाहेर जायचं असतं, ही नोकरी तशी आहे. दल सुरू झाल्यापासून ११ हजारांच्या वर जीव वाचवलेत, त्यातले किती तरी मासे धरायला गेलेले, तुमच्यासारख्याच घरांतले.

म्हणून मला तुमचा मुलगा तिथं जातोय याचा फार आनंद आहे. पाणी ज्याच्या घरात आहे त्याला बुडणाऱ्याची भीती कळते. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, मला विहिरीत पोहता यायचं तेवढंच, चिलकाला, म्हणजे ओडिशात जिथं ट्रेनिंग होतं तिथं, आमच्या बॅचमधली काही पोरं पहिल्या दिवशी पाण्याला पाहून रडली होती. तो तलावातला आहे, त्याला तो त्रास नाही. जहाजावर गेल्यावर मात्र उलट्या होतील, सगळ्यांनाच होतात, मला पहिले चार दिवस पाणीही पोटात ठरत नव्हतं, मग एका जुन्या नाविकानं सांगितलं की उपाशी राहू नको, कोरडं काहीतरी चघळत राहा आणि नजर लांब क्षितिजावर ठेव. तर त्याच्या बॅगेत मुरमुरे-फुटाणे आणि सुकवलेला आवळा बांधून द्या. लाडू नको, लाडू ट्रेनिंगमधे पहिल्याच रात्री सगळे मिळून संपवतात.

एवढं लक्षात ठेवा ताई, गस्तीवर गेला की किनारा सुटल्यावर मोबाईलला रेंज नसते, पंधरा-पंधरा वीस-वीस दिवस फोन येणार नाही. त्या दिवसांत टीव्हीवर समुद्राची बातमी लागली की जीव वरखाली होईल, तेव्हा टीव्ही बंद करा. जहाज बंदराला लागायच्या आधी तासभर डेकवर सगळी पोरं मोबाईल वर धरून उभी असतात, रेंजची एक काडी दिसायची वाट पाहत, आणि पहिला फोन घरीच करतात. तेवढा वेळ तुमचा मोबाईल चार्ज ठेवा.